ताईच्या कागदावरचा गंधार

४ फेब्रुवारी

ताई,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. गेल्या तिन्ही रविवारी भावोजींनी फोन घेतला आणि तिन्ही वेळा तू बागेत होतीस. परवा तर तुमच्याकडे पत्र्यावर अवकाळी पाऊस वाजत होता, मला फोनमधून ऐकू येत होतं, तरी तू बागेतच. भावोजींना थापा मारता येत नाहीत. त्यांची आणखी पंचाईत नको म्हणून आता पत्र.

कामाचं आहे, असं समज. आपल्या मंडळाला जूनमधल्या कार्यक्रमाचं बोलावणं आलंय. पाणीपुरवठ्याची जुनी इमारत आहे ना, तिच्यातला दगडी हॉल. तासाभराचा कार्यक्रम, आणि त्यांना आपलंच हवंय: युरोपातल्या रेनेसाँ आणि बरोक काळातली, चार-चार शतकांपूर्वीची गाणी, वाद्यांशिवाय, एकेका ओळीला एकेकच गळा. तू गेल्यापासून अकरा महिने आम्ही कुणी तोंड उघडलेलं नव्हतं. मागच्या आठवड्यात चौघं पुन्हा जमलो. जागा तीच, मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलची थिअरीची खोली. भिंतीवरची वाहतुकीची चिन्हं नवीन लावलीत. मी उभा राहतो तिथे आता ‘ओव्हरटेक करू नये’ आलंय. मास्तर म्हणाले, मुद्दाम लावलं नाही, पण राहू दे.

मास्तर अजून खर्ज सांभाळून आहेत. नर्सबाई ड्युटी बदलून येतात. चष्म्याच्या दुकानातली आपली मुलगी तुझी ओळ गाते, आणि तिची स्वतःची ओळ मास्तर एका हाताने कीबोर्डवर वाजवतात. प्रमुख कुणीच नाही. मास्तर म्हणतात, ‘‘स्टिअरिंगवर कुणी नसलं तरी शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक ब्रेक असतो. तेवढ्यावर चालवू.’’

कार्यक्रमात ते विलापगीत घ्यायचंच, असं सगळ्यांचं मत पडलं. या वेळी मुळात छापलंय तसं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

मागचं उगाळत बसत नाही. मूळ पानावरची ती खूण मला डाग वाटली, हे मी तुला तेव्हाच सांगितलंय. प्राध्यापकांनी मासिकात आपल्या रेकॉर्डिंगवर जे लिहिलं ते फारच लागेल असं लिहिलं, हेही खरंय. पण एका चुकीसाठी तू मंडळ सोडून, गाव सोडून जावंस, हे मला अजून पटत नाही.

तू येऊन आम्हाला बसवून देशील का? एवढं विचारायला हे पत्र. उत्तर भावोजींकडून नको.

तुझा,
बारक्या

१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. आठच दिवस झालेत, कळतंय मला. पण घरात मला एका जागी बसवत नाही. काल जेवताना तीनदा उठलो. बायको म्हणाली, ‘‘पोस्टमनने आपल्या डब्यात काही टाकलं तर आवाज येतो. सारखं जाऊन बघायला नको.’’

तालमीचं सांगतो. मी नवीन प्रती केल्या. गाण्याची मूळ छापील पाची छोटी पुस्तकं पुन्हा उघडली, म्हणजे त्यांचे फोटो. एकेका आवाजाचं एकेक पुस्तक, कुणाला दुसऱ्याची ओळ दिसत नाही. पाची ओळी एकाखाली एक लिहिल्याशिवाय कोण कुणाशी भांडतंय ते कळत नाही, असं तूच म्हणायचीस. ते लिहिणं पहिल्यापासून माझ्याकडे. प्रेसमध्ये दिवसभर औषधांची पत्रकं आणि शाळेची पुस्तकं तपासणारा माणूस, म्हणून विश्वासाने दिलंस.

तर ती जागा. ‘अजून’ या अर्थाचा शब्द येतो तिथे. बाई किनाऱ्यावर उभी आहे, नाव दिसेनाशी झालीय, आणि ती म्हणते, अजून. खाली मी कोमल गंधार धरून असतो. वरून तुझी ओळ उतरते ती शुद्ध गंधारावर. दोन्ही गंधार एकदम, एकमेकांना खेटून. कानाला पहिल्यांदा चूकच वाटते. मग तू एक पायरी खाली येतेस आणि सगळं सुटतं. तुझ्या स्वराआधी मूळ छापील पुस्तकात एक छोटी फुली आहे. ती फुली म्हणजे स्वर अर्धी पायरी वर. माझ्या मागच्या प्रतीत ती फुली नव्हती, म्हणून तू इतके महिने कोमलच गात आलीस आणि कुणाचंच कुणाशी भांडण झालं नाही.

या वेळी फुली घातली. चष्मेवालीने शुद्ध घेतला, अगदी नीट, हात मागे बांधून. आणि मी कोमल सोडून तिच्या मागे वर गेलो.

पुन्हा केलं. पुन्हा गेलो. पाच वेळा. सहाव्यांदा मास्तरांनी कीबोर्डवरून हात काढला आणि म्हणाले, ‘‘चहा घेऊ.’’ त्यांना चहा चालत नाही, तरी म्हणाले.

नर्सबाई कप घेऊन माझ्याजवळ आल्या. ‘‘ताईंना हा स्वर अवघड गेला नसता, नाही?’’

‘‘नसता गेला,’’ मी म्हणालो.

‘‘आणि तुम्हाला जातोय.’’

मी म्हणालो, सवय नाही. त्या म्हणाल्या, ‘‘मला तो मूळ फोटो एकदा बघायचाय. मासिकात छापला होता तो फार बारीक होता. तुमचा बघते.’’ मी सांगितलं, प्रेसमध्ये राहिलाय.

फोटो माझ्या बॅगेत होता. खुर्चीखाली, त्यांच्या पायाजवळ.

बारक्या

१९ फेब्रुवारी

ताई,

नर्सबाई आज जेवणाच्या सुट्टीत प्रेसवर आल्या. कपडे हॉस्पिटलचेच. आमच्या कंपोझिटरला वाटलं, मला काहीतरी झालंय.

नाही म्हणता येईना. टेबलावर फोटो ठेवला, भिंगही दिलं. त्यांनी भिंग घेतलंच नाही. नुसतं वाकून पाहिलं. बराच वेळ. मशीन चालू होतं, टेबल हलत होतं, आणि तेवढ्या हलण्यातही ती फुली स्वच्छ दिसत होती. काळी, चारी टोकं वेगवेगळी.

‘‘डाग कुठाय यात?’’ त्यांनी विचारलं.

मी भिंग खणात ठेवलं. त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवला, घड्याळ पाहिलं आणि गेल्या.

ताई, डाग नव्हता.

२१ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र पोस्टात टाकलं आणि तसाच चालत सुटलो, प्रेसला दुपारी उशिरा पोचलो. तुझ्या हातात ते पडायच्या आधी हे पडावं असं वाटतंय, पण तसं होणार नाही. तेव्हा सगळं एकदाच सांगतो.

दीड वर्षापूर्वी, ऑगस्टमध्ये, आपण ते चार कडव्यांचं जुनं गाणं बसवत होतो. त्यात एका ठिकाणी तू वर जायचीस आणि मी धरून ठेवायचं होतं. मी तुझ्या मागे आलो. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘‘बारक्या, तू माझ्या मागे का येतोस? मी कुठे जाते ते बघू नकोस. तुला तुझी ओळ दिलीय ना?’’ सगळे हसले. मीही हसलो. एकोणपन्नास वर्षांच्या घोड्याला बारक्या म्हटल्यावर लोक हसणारच.

ते मला लागलं नाही. नंतर जिन्यात तू एकटी भेटलीस ते लागलं. तू अगदी हळू आवाजात म्हणालीस, ‘‘पुढचं विलापगीत याहून अवघड आहे. तुला झेपणार नसेल तर आत्ताच सांग, राग नाही. मी दुसरं कुणी बघते.’’ ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, झेपेल. त्याच आठवड्यात लायब्ररीतून फोटो आले. ओळी एकाखाली एक लिहायला घेतल्या आणि ती जागा दिसली. लिहायच्या आधीच मला कळलं की हे मला येणार नाही. तरी प्रयत्न केला. बायकोला कीबोर्डसमोर बसवलं आणि तुझा शुद्ध गंधार दाबून धरायला सांगितला. ती एका हाताने पेपर वाचत होती, दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवर. मी माझा कोमल घ्यायचो आणि तिच्या बोटाखालचा स्वर ऐकू आला की गळा आपोआप वर सरकायचा. एक सबंध रविवार. शेवटी ती म्हणाली, ‘‘बोटाला मुंग्या आल्या. आता तुझं तू बघ.’’

मी बघितलं. दुसऱ्या दिवशी तुझी प्रत लिहिताना फुली गाळली. त्या स्वरापाशी आलो, फुली न घालता स्वर लिहिला आणि पुढच्या स्वरावर गेलो. प्रेसमध्ये लोकांच्या चुका काढायला मी लाल पेन वापरतो. हे काळ्याने केलं.

मनाशी म्हणालो, पहिल्या तालमीला तुझ्या लक्षात येईल. आलं तर म्हणू, राहिली. तुझ्या लक्षात आलं नाही. का येईल? तू माझ्या कागदावरून गात होतीस.

मग नोव्हेंबरचा कार्यक्रम झाला, लोक उभे राहिले. मग रेकॉर्डिंग. दर वेळी वाटायचं, आज सांगू. रेकॉर्डिंगच्या दिवशी तर तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, ‘‘छान धरतोस आता.’’ त्यानंतर मला सांगता येणं शक्य नव्हतं. शक्य नव्हतं असं नाही, मी सांगितलं नाही.

प्राध्यापकांचा लेख आला. मूळ गाण्यातली सर्वांत धीट जागा या मंडळींनी गुळगुळीत करून टाकली, अज्ञान म्हणावं की आळस, असं. तू त्यांना उलट पत्र लिहिलंस की आमची प्रत मूळ छापील पुस्तकांवरूनच केलेली आहे, करणारा माझा भाऊ आहे आणि चुका शोधणं हाच त्याचा पेशा आहे. ते पत्र तू मला फोनवर वाचून दाखवलंस. मी म्हणालो, ‘‘चांगलं झालंय.’’ तुला तेव्हा अडवलं असतं तरी पुरलं असतं. पुढच्या अंकात त्यांनी तुझं पत्र आणि शेजारी त्या पानाचा फोटो छापला.

तू तो अंक घेऊन माझ्याकडे आलीस. स्वयंपाकघरात उभी राहिलीस, बसली नाहीस. पानावर बोट ठेवलंस. ‘‘ही फुली तुला दिसली होती का?’’

‘‘डाग वाटला,’’ मी म्हणालो.

तू म्हणालीस, ‘‘बरं.’’

त्या ‘बरं’चा अर्थ मी वर्षभर लावतोय. तुला माझं खरं वाटलं की नाही, मला आजही माहीत नाही. तू सगळ्यांना बोलावून सांगितलंस की प्रत तपासून घेणं प्रमुखाचं काम, चूक माझी, आणि माफी मागितलीस. मासिकालाही तेच कळवलंस. मी खिडकीपाशी उभा होतो.

क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. मागायची आहे, पण या कागदावर मागितली तर तीही एक पळवाटच होईल. आधी ज्यांना सांगायचं त्यांना सांगतो.

बारक्या

१७ मार्च

ताई,

सांगितलं. थिअरीच्या खोलीत, तालमीआधी, उभ्याने. तुला लिहिलं तेवढंच, त्यात काही कमी-जास्त केलं नाही.

मास्तर फळा पुसत होते. मी बोलत असताना ते पुसतच राहिले, फळा कधीच कोरा झाला होता. मग न वळता त्यांनी विचारलं, ‘‘ताईने आमच्यासमोर माफी मागितली, तेव्हा तू कुठे होतास रे?’’

‘‘इथेच. खिडकीपाशी.’’

‘‘हं.’’

नर्सबाईंना अर्धं माहीत होतंच. त्या म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी खाली गेल्यावर ताईंनी माझ्याकडून रक्तदाब बघून घेतला होता. कुणाला सांगू नका म्हणाल्या. आता सांगते. फार वर होता. मी त्यांना रिक्षाने घरी सोडलं.’’ एवढं बोलून त्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मला वाटतं, शोधायचं काही नव्हतं.

चष्मेवाली रडायला लागली. मला म्हणाली, ‘‘तुम्ही मला तरी सांगायचं. मी हळू गायले असते.’’ ती तुझी ओळ हळू गाऊन मला वाचवायला तयार होती. ते ऐकून मला तिथे उभं राहवेना.

मास्तर म्हणाले, ‘‘प्रती करणं आजपासून बंद. गाण्याचं नंतर बघू.’’ त्या दिवशी तालीम झाली नाही.

प्राध्यापकांनाही भेटून आलो. पत्राने भागलं असतं, पण मला चैन पडत नव्हती. बसने गेलो, तिसरा मजला, बाहेर बाकावर एक तास. आत गेलो तर खोलीभर पुस्तकं आणि एका खुर्चीवर त्यांचा ओला टॉवेल. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, ‘‘कोण बाई म्हणालात?’’

ताई, त्यांना तू आठवत नव्हतीस. मी लेखाचा महिना सांगितला, गाणं सांगितलं, तेव्हा म्हणाले, ‘‘अच्छा, ते. पण त्यात एवढं काय? महिन्याला चार लेख लिहितो मी.’’

मी म्हणालो, ‘‘तिने गाणं सोडलं.’’

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग कागद पुढे केला. ‘‘लिहून द्या. तुमच्या सहीने. छापायला सांगतो.’’ मी तिथेच लिहिलं. चार ओळी. त्यांनी वाचून एक स्वल्पविराम वाढवला. बरोबर होता.

बारक्या

२० एप्रिल

ताई,

मासिकात खुलासा आला. शेवटून दुसऱ्या पानावर, खाली, वर्गणीच्या सूचनेला लागून. माझ्या नावात एक वेलांटी चुकलीय. चालेल.

भावोजींनी आपणहून फोन केला. म्हणाले, ‘‘तिने वाचलं.’’

‘‘काय म्हणाली?’’

‘‘काही नाही. मासिक घडी घालून ठेवलं आणि सगळी कपाटं पुसायला काढली. दोन दिवस झाले, आम्ही बाहेरच्या खोलीत झोपतोय.’’ मग थांबून म्हणाले, ‘‘तुमची पत्रंही तिने वाचलीत. आधीची. मी नाही वाचली हां.’’ मी म्हटलं ना, त्यांना थापा येत नाहीत.

आणि काल मास्तरांकडून कळलं की तू त्यांना फोन केलास. तू येणार आहेस. दर शनिवार-रविवार नर्सबाईंकडे उतरणार, तालीम घेणार, तुझी ओळ तू गाणार. अट एकच, की मी त्यात असू नये.

मास्तर हे सांगायला घरी आले होते. गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत होते. ‘‘मी तिला म्हटलं, पोराने सगळं कबूल केलंय. ती म्हणाली, मला माहीतेय, तरी मला त्याच्या शेजारी उभं राहून गाता येणार नाही. आता यावर मी काय बोलू?’’

मी म्हणालो, बोलू नका, बरोबर आहे तिचं. बायकोने त्यांना लिंबूपाणी दिलं. ते गेल्यावर मी मोरीतल्या नळाच्या गळतीचं काम काढलं, जे तीन वर्षं काढलं नव्हतं.

राग आला का, विचारशील तर आला. रात्रीपर्यंत होता आणि सकाळी नव्हता. चोवीस वर्षं मी त्या चार-पाच जणांत उभा राहिलोय. शनिवारी संध्याकाळी करायचं काय, हे मला ठरवावं लागणार आहे.

बारक्या

११ मे

ताई,

हे तुला आवडणार नाही कदाचित, पण तुझ्यापासून लपवून काही करायचं नाही असं ठरवलंय, म्हणून कळवतो.

मंडळातला तुमचा नवा गडी, माझ्या जागी घेतलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा, माझ्याकडे आला होता. मी बोलावलं नव्हतं. त्याला मास्तरांनी पत्ता दिला. आमच्या सोसायटीची लिफ्ट आधी तपासून आला, मग बेल वाजवली. म्हणाला, ‘‘ती जागा मला जमतेय, पण दहातून तीनदा सटकते. तुम्हाला का जमत नव्हतं ते सांगा. बिघाड कुठे होतो ते कळलं की मला दुरुस्त करता येतं.’’

इतक्या सरळपणे हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी खुर्ची दिली आणि मलाच विचार करावा लागला.

मी त्याला म्हणालो, मला गाणं ताईने शिकवलं. मी पाच वर्षांचा, ती दहाची. आई दवाखान्यात होती तेव्हा सहा महिने आम्ही आत्याकडे होतो, आणि संध्याकाळी मी रडू नये म्हणून ताई गायची आणि मला म्हणायची, माझ्या मागे ये. मी यायचो. ती वर गेली की वर, खाली आली की खाली. तिचा आवाज सुटला तर अंधारात हात सुटल्यासारखं व्हायचं. पुढे मोठा झालो, आवाज फुटला, खालची ओळ मिळाली. ती समांतर असली की काही अडचण नाही. पण तिच्या विरुद्ध उभं राहून आपला स्वर धरायचा, ती चुकल्यासारखी ऐकू येत असताना धरायचा, हे माझ्या गळ्याला कधी कुणी सांगितलंच नाही. आणि ते तिला सांगायची मला लाज वाटली.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे तुम्ही त्यांचं ऐकत होता.’’

‘‘हो.’’

‘‘मग मी मास्तरांचं ऐकतो. खर्जाचं. ताईंकडे कान द्यायचाच नाही त्या क्षणी.’’

‘‘बरोबर. खालून धर.’’

बायको कीबोर्डपाशी आली, तिने न सांगता बोट ठेवलं, शुद्ध गंधारावर. मी खर्ज गायलो, मला झेपेल तेवढा. त्याने कोमल धरला. गुडघे किंचित वाकवले होते, जड काहीतरी उचलल्यासारखे. दहातून दहा वेळा. मग तो बायकोला म्हणाला, ‘‘तुमच्या लिफ्टचं दार घासतंय, सोसायटीला सांगा,’’ आणि गेला.

तो चांगला आहे. माझ्याहून चांगला आहे. हे लिहायला मला तीन कागद लागले.

कार्यक्रमाला आलो तर चालेल का? नको असेल तर भावोजींना फोन करायला सांग. फोन आला नाही तर येईन.

बारक्या

२३ जून

ताई,

तू तिथे होतीस, तरी लिहितो. तू गात होतीस. ऐकत मी होतो, आणि जे ऐकलं ते तुला ठाऊक नाही.

मी लवकर पोचलो. चौकीदाराला वाटलं मंडळातलाच, म्हणून त्याने बाकं मांडायला लावलं. बरं झालं, हाताला काम मिळालं. लोक यायला लागले तसा मी मागून तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसलो. तू आत आलीस तेव्हा पाहिलंस मला. ओळख दाखवली नाहीस. केस बरेच पिकलेत तुझे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली तीन गाणी माझ्या कानात शिरलीच नाहीत. मी मनातल्या मनात माझी ओळ गात होतो, श्वास तुमच्याबरोबर घेत होतो. शेजारच्या गृहस्थांनी एकदा वळून पाहिलं, म्हणजे ओठही हलत असणार. मग ते सुरू झालं आणि मी तोंड मिटून घेतलं.

‘अजून’ आला. लिफ्टवाल्याने कोमल धरला. तू वरून उतरलीस आणि शुद्धावर थांबलीस. ताई, कागदावर मी ती जागा शंभर वेळा पाहिलीय, घरी पट्ट्या दाबून ऐकलीय, पण त्या दगडी खोलीत ती काय आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या पुढच्या बाईंनी दचकून नवऱ्याकडे पाहिलं. पाठीत काहीतरी ओढल्यासारखं झालं मला. दोन्ही स्वर हटेनात. तू हटली नाहीस, तो हटला नाही, आणि ती किनाऱ्यावरची बाई खरोखर तिथे उभी राहिली, नाव दिसत नसताना पाण्याकडे बघत. मग तू एक पायरी खाली आलीस. पुढच्या बाईंनी नवऱ्याचा हात धरला होता.

हे मी तुला गाऊ दिलं नव्हतं. लोकांना ऐकू दिलं नव्हतं. बाकी सगळं, मासिक, माफी, माझी लाज, हे त्यापुढे किरकोळ वाटलं मला. तुझ्या आवाजातून मी हे काढून घेतलं होतं आणि तुला पत्ताही नव्हता.

टाळ्या किती वाजल्या ते तू पाहिलंस.

लोक पांगल्यावर मी चौकीदाराबरोबर बाकं उचलायला लागलो. निघून जायचं ठरवलं होतं, पण पाय निघेना. त्याला बाहेर कुणीतरी हाक मारली आणि मी एका लांब बाकाचं एक टोक धरून एकटाच उभा राहिलो. तू आलीस. रेनकोट घातलेला होता, पर्स खांद्याला. ती काखेत सारलीस आणि दुसरं टोक उचललंस. पर्स घसरत होती, तू ती कोपराने दाबून धरत होतीस.

दाराशी उतरायच्या चार पायऱ्या आहेत. तू पुढे, मी मागे. तिसऱ्या पायरीवर बाक तिरकं झालं, तुझ्या अंगावर यायला लागलं.

तू म्हणालीस, ‘‘तुझी बाजू खाली कर.’’

मी केली.

बारक्या